खडकाचा खडबडीतपणा आणि कागदावरील गुणांक : जलवाहक बोगद्यांच्या जलीय संकल्पनविषयक भारतीय मानकाची नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात चिकित्सा

सारांश : कठीण खडकातून पाणी वाहून नेणाऱ्या बोगद्यांचे जलीय संकल्पन आपल्याकडे भारतीय मानक ४८८० च्या तिसऱ्या भागाच्या (१९७६) आधारे केले जाते. प्रस्तुत लेखात या मानकातील खडबडीतपणाच्या गुणांकाच्या मांडणीची चिकित्सा केली आहे. मानकाने दिलेल्या मूल्यांच्या पट्ट्यामुळे घर्षणाच्या हिशेबात दुपटीचा फरक पडू शकतो. हा फरक लातूरच्या थरांच्या बेसॉल्टमध्ये आणि नांदेडच्या पूर्वेकडील ग्रॅनाइटी खडकात वेगवेगळ्या कारणांनी निर्माण होतो. तो मोजण्याची रीत मानकातच असून तिला लागणारी मोजमापे कामाच्या नोंदवहीत उपलब्ध असतात, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : जलवाहक बोगदा, खडबडीतपणाचा गुणांक, ओव्हरब्रेक, बेसॉल्ट, उपसा सिंचन, मराठवाडा.

प्रस्तावना

मराठवाड्यातील पाणीप्रश्नाची चर्चा सामान्यतः धरणांची संख्या, पाण्याचे वाटप आणि निधीची तरतूद या तीन अंगांनी होते. पाणी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात ज्या मार्गाने यावयाचे, त्या मार्गाच्या शास्त्राकडे मात्र सार्वजनिक चर्चेत फारसे लक्ष दिले जात नाही. कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्पाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. धाराशिव आणि बीड जिल्ह्यांसाठी आखलेल्या या प्रकल्पात २३.६६ अब्ज घनफूट पाण्याची तरतूद असून पहिला टप्पा ७ अब्ज घनफुटांचा आहे. नीरा नदीचे पाणी उजनीच्या जलाशयात सोडण्यासाठी इंदापूर तालुक्यात सुमारे २४ किलोमीटर लांबीचा जोडबोगदा आखण्यात आला आणि उजनीपासून पुढे पाणी उपसून न्यावयाचे आहे. म्हणजेच या पाण्याच्या प्रवासात बोगदा आणि पंप ही दोन्ही साधने एकामागून एक येतात. उजनीचे पाणी लातूर शहरास मिळावे ही मागणीही बऱ्याच वर्षांपासून होत आली आहे. पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गोदावरी खोऱ्यात वळविण्याच्या ज्या योजना मांडल्या जातात, त्यांतही बोगद्यांना महत्त्वाचे स्थान आहे.

बोगदा ही एकदा खोदली की सहसा न बदलणारी वास्तू होय. कालव्याचा काठ वाढविता येतो, पंप बदलता येतो. बोगद्याचा व्यास मात्र वाढविता येत नाही. त्यामुळे संकल्पनाच्या वेळी गृहीत धरलेला एखादा अंक पुढील पन्नास-शंभर वर्षे पाण्याच्या वाटपावर आणि विजेच्या बिलावर परिणाम करीत राहतो. हा अंक कसा ठरतो व तो कितपत विश्वासार्ह असतो, याचा शोध घेणे हे या लेखाचे प्रयोजन आहे.

मानकाचे स्वरूप आणि सामर्थ्य

भारतीय मानक ४८८० हे पाणी वाहून नेणाऱ्या बोगद्यांच्या संकल्पनाविषयीचे अनेक भागांचे मानक आहे. सर्वसाधारण संकल्पन, भौमितिक संकल्पन, जलीय संकल्पन, काँक्रीटच्या अस्तराचे संकल्पन, आधारव्यवस्था असे विषय त्यात स्वतंत्र भागांत हाताळलेले आहेत. तिसरा भाग जलीय संकल्पनाचा आहे. प्रवेशद्वार, जाळी, वळणे, आकारबदल, दरवाजे आणि निर्गम या प्रत्येक ठिकाणी पाण्याची दाबउंची किती घटते, याची पद्धतशीर मांडणी या भागात आढळते. दाबउंचीतील या घटीला अभियंते 'हेड लॉस' म्हणतात.

या मानकाचे ऋण मान्य करूनच त्याची चिकित्सा केली पाहिजे. ज्या काळात प्रत्येक प्रकल्पाचा अभियंता आपापल्या पाठ्यपुस्तकातून सूत्रे घेत असे, त्या काळात देशभरासाठी एक समान भाषा या मानकाने निर्माण केली. दुसरे असे की, लांब बोगद्यात घर्षणामुळे होणारी घट ही इतर सर्व घटींपेक्षा कितीतरी मोठी असते. प्रवेशाजवळची किंवा वळणावरची घट सेंटिमीटरांत मोजावी लागते, तर वीस किलोमीटरच्या बोगद्यात घर्षणाची घट अनेक मीटरांची असते. म्हणून चिकित्साही प्रामुख्याने घर्षणाच्या मांडणीचीच करणे सयुक्तिक ठरते.

घर्षणासाठी आपल्याकडे मॅनिंगचे सूत्र सर्रास वापरले जाते. रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याने १८८९ मध्ये हे सूत्र मांडले ते उघड्या प्रवाहांसाठी. नदी-कालव्यांसाठी जन्मलेले हे सूत्र पुढे बोगद्यांनाही लागू करण्यात आले. त्यातील खडबडीतपणाचा गुणांक हा अनुभवाने ठरवावयाचा अंक आहे. अस्तर नसलेल्या बोगद्यांसाठी मानकाने पृष्ठभागाच्या स्थितीनुसार तीन वर्ग केले आहेत : अतिशय खडबडीत पृष्ठभागासाठी ०.०४ ते ०.०६, छाटून सारखा केलेल्या पृष्ठभागासाठी ०.०२५ ते ०.०३५, आणि पृष्ठभाग छाटून शिवाय तळाला काँक्रीट केले असल्यास ०.०२० ते ०.०३०. काँक्रीटचे अस्तर असलेल्या बोगद्यांत व्यवहारात साधारणतः ०.०१२ ते ०.०१८ या दरम्यानची मूल्ये घेतली जातात.

पट्ट्याची किंमत

हे आकडे पाहताना प्रथमदर्शनी ०.०२५ आणि ०.०३५ यांत फार अंतर वाटत नाही. परंतु घर्षणाची घट गुणांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे एकाच वर्गाच्या दोन टोकांत घटीचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते.

हे स्पष्ट करण्यासाठी एक काल्पनिक बोगदा घेऊ. ७ अब्ज घनफूट म्हणजे सुमारे १९.८ कोटी घनमीटर पाणी. ते १०० दिवसांत न्यावयाचे असल्यास सेकंदाला सुमारे २३ घनमीटर प्रवाह लागेल. बोगदा ४.५ मीटर व्यासाचा, वर्तुळाकार, पूर्ण भरून वाहणारा आणि २० किलोमीटर लांबीचा मानू. पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे १.४५ मीटर येतो. आता गुणांक ०.०१४ घेतला तर एकूण घट सुमारे ७ मीटर होते, ०.०१८ घेतला तर सुमारे ११.६ मीटर. अस्तराविना, छाटलेल्या खडकासाठी ०.०२५ घेतला तर २२.३ मीटर आणि ०.०३५ घेतला तर ४३.८ मीटर. मानकाच्या एकाच ओळीतील दोन टोकांत सुमारे २१.५ मीटरचा फरक पडतो. हा फरक सात मजली इमारतीच्या उंचीएवढा आहे.

या बोगद्यात पाणी पंपाने ढकलावयाचे असेल तर हा फरक विजेच्या रूपाने भरावा लागतो. पंप आणि मोटार यांची एकत्रित कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर २१.५ मीटरच्या फरकासाठी सुमारे ६.५ मेगावॅट जादा क्षमता लागेल व १०० दिवसांत सुमारे १ कोटी ५५ लाख युनिट वीज जादा खर्च होईल. हा खर्च एकदाच करावयाचा नसून तो दरवर्षीचा आहे. विष्णुपुरी येथे गोदावरीवर उपसा सिंचन योजना असलेल्या नांदेडच्या वाचकाला उपशाच्या विजेचा प्रश्न वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पाणी उताराने वाहणार असेल तर विजेचा प्रश्न येत नाही, पण परिणाम अन्य रूपाने प्रकट होतो. ठरावीक उतारावर बोगद्याची वहनक्षमता गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात असते. ०.०१४ गृहीत धरून बांधलेल्या बोगद्यात प्रत्यक्षात ०.०१८ निघाला तर क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी घटते. ही तूट सर्वांना समान वाट्याने सोसावी लागत नाही. वरच्या भागातील लाभधारक आपले पाणी घेतातच. टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र संपूर्ण तूट येते. ११ आणि १२ एप्रिल २०१६ च्या दरम्यान मिरजेहून लातूरला रेल्वेने आलेल्या पहिल्या खेपेत १० टाक्यांतून ५ लाख लिटर पाणी होते. वरील काल्पनिक बोगद्यातून तेवढे पाणी सुमारे २२ सेकंदांत वाहून जाते. अशा प्रदेशात वहनक्षमतेतील पाचवा हिस्सा गमावणे म्हणजे काय, हे या तुलनेवरून ध्यानात येईल.

एका अंकात मिसळलेल्या दोन गोष्टी

मानकातील मांडणीचा मुख्य दोष माझ्या मते पट्टा रुंद आहे हा नाही. निसर्गाच्या वैविध्यापुढे पट्टा रुंद असणारच. दोष हा की, सुरुंगाने खोदलेल्या बोगद्याच्या बाबतीत एकाच गुणांकात दोन भिन्न गोष्टी मिसळल्या जातात.

सुरुंगाने खोदताना खडक आखलेल्या रेषेपलीकडे तुटतो. यास 'ओव्हरब्रेक' म्हणतात. त्याचे दोन परिणाम परस्परविरुद्ध आहेत. एकीकडे छेदाचे क्षेत्रफळ वाढते व पाण्याला जागा मिळते. वरील उदाहरणात सर्व बाजूंनी सरासरी २० सेंटिमीटर जादा तुटले तर व्यास ४.९ मीटर होतो, क्षेत्रफळ सुमारे १८.६ टक्क्यांनी वाढते आणि गुणांक तोच राहिल्यास घट सुमारे ३६ टक्क्यांनी कमी होते. दुसरीकडे हे तुटणे सर्वत्र सारखे नसते. एका ठिकाणी दहा सेंटिमीटर, तर पुढच्या स्फोटानंतर चाळीस सेंटिमीटर. छेद असा क्षणोक्षणी मोठा-लहान होत गेल्याने पाणी सतत विस्तारते व आकुंचन पावते आणि त्यात दाबउंची खर्ची पडते. आखलेल्या व्यासावर हिशेब करून गुणांक निवडणारा अभियंता लाभही मोजत नाही आणि तोटाही मोजत नाही; दोन्ही एका अंदाजात झाकून टाकतो.

या दोहोंची फोड करण्याची रीत मानकाच्या बाहेर शोधावी लागत नाही, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. अस्तर नसलेल्या बोगद्यांसाठी प्रत्यक्ष छेदांची क्षेत्रफळे मोजून, त्यांची वारंवारता मांडून घर्षणांक काढण्याची पद्धत मानकात आहे. स्वीडनमधील राह्म यांनी १९५३ मध्ये तेथील जलविद्युत बोगद्यांवरील संशोधनातून ती रूढ केली. अनेक छेद मोजावयाचे; त्यांपैकी ९९ टक्के छेद ज्या क्षेत्रफळाच्या आत येतात ते मोठे क्षेत्रफळ आणि केवळ १ टक्का छेद ज्याच्या आत येतात ते लहान क्षेत्रफळ काढावयाचे; दोहोंतील फरक लहान क्षेत्रफळाच्या टक्केवारीत मांडावयाचा. या टक्केवारीला ०.००२७५ ने गुणले की डार्सी-वाइसबाख सूत्रातील घर्षणांक मिळतो. आपल्या काल्पनिक बोगद्यात ही टक्केवारी २० असेल तर मॅनिंगचा समतुल्य गुणांक सुमारे ०.०२७ येतो, ३० असेल तर ०.०३३ आणि ४० असेल तर ०.०३८. म्हणजे छाटलेल्या पृष्ठभागाचा जवळजवळ सारा पट्टा छेदांच्या विचलनातूनच उलगडतो. ही पद्धत संकल्पनाच्या वेळी वापरता येत नाही, कारण तेव्हा बोगदा खोदलेला नसतो, हे खरे. पण खोदाई चालू असताना पहिल्या किलोमीटरनंतर ती निश्चित वापरता येते आणि अस्तराचा निर्णय त्यावरून सुधारता येतो. मानक ही पद्धत देते. ती केव्हा वापरावी, कोणी वापरावी आणि निष्कर्ष कोठे नोंदवावा, याविषयी मात्र काही बंधन घालीत नाही.

नांदेड आणि लातूर : दोन खडक, दोन खडबडीतपणे

मानकातील वर्गवारी पृष्ठभागाच्या स्थितीवर आधारलेली आहे, खडकाच्या जातीवर नव्हे. मराठवाड्याच्या पूर्व भागात ही उणीव विशेष जाणवते, कारण येथे थोड्याच अंतरात खडक पूर्णपणे बदलतो.

लातूर जिल्हा दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या खोल विंधनछिद्रात ३३८ मीटर जाडीचा बेसॉल्ट, त्याखाली ८ मीटरचा गाळाचा थर आणि त्याखाली ग्रॅनाइट-नीस प्रकारचा पायाभूत खडक आढळला. हा बेसॉल्ट एकसंध नसतो. लाव्हाच्या एकावर एक आलेल्या थरांत घट्ट काळा पाषाण, पोकळ्यांमध्ये खनिजे भरलेला अमिग्डलॉइडल बेसॉल्ट आणि मधूनमधून 'रेड बोल' नावाचा तांबडा मातकट थर असा क्रम असतो. घट्ट पाषाण बळकट खरा, पण त्यात सांधे पुष्कळ असतात. सुरुंगाने तो सांध्यांवरून ठोकळ्यांच्या रूपाने निखळतो व छेद ओबडधोबड होतो. अमिग्डलॉइडल बेसॉल्टमध्ये सांधे कमी असल्याने खोदाई तुलनेने नेटकी होते, पण त्याचे काही प्रकार ओले-कोरडे होताना भुगा होतात. तांबडा थर तर पाण्याच्या संपर्काने मऊ पडतो. येथे विरोधाभास असा की, जो खडक बळकट तो खडबडीत आणि जो गुळगुळीत तो टिकाऊपणाबाबत शंकास्पद. पहिल्या दिवशी मोजलेला गुणांक दहाव्या वर्षी तोच राहील याची खात्री अशा खडकात देता येत नाही.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस, देगलूर-बिलोलीच्या बाजूस, बेसॉल्टचे आवरण संपून ग्रॅनाइट व नीस उघडे पडतात. हा खडक स्वीडनमधील स्फटिकी खडकांच्या जातीचा आहे. त्यामुळे राह्म यांचे सूत्र देगलूरच्या खडकाला लावताना जी निश्चिंती वाटेल, ती औशाच्या किंवा निलंग्याच्या खडकाला लावताना वाटू नये. सूत्र चुकीचे आहे असे म्हणणे नाही. ते ज्या खडकाच्या अनुभवातून आले त्याची मर्यादा ओळखली पाहिजे, एवढेच म्हणावयाचे आहे. थरांच्या बेसॉल्टमध्ये एकाच छेदाचा माथा घट्ट पाषाणात, तर पायथा तांबड्या थरात असू शकतो. अशा छेदाला एक गुणांक देणे म्हणजे दोन वेगळ्या जमिनींचा सारा एकाच दराने आकारण्यासारखे आहे.

यावर उपायही खडकानुसार निवडावा लागतो. संपूर्ण अस्तर महाग असल्यास केवळ तळाला काँक्रीट करण्याचा पर्याय आहे. परिमितीचा एक चतुर्थांश भाग ०.०१५ गुणांकाच्या काँक्रीटने झाकला आणि उरलेला ०.०३३ चा खडक तसाच ठेवला, तर हॉर्टन-आइनस्टाइन पद्धतीने संयुक्त गुणांक सुमारे ०.०२९ येतो व घट २२ टक्क्यांच्या आसपास कमी होते. शिवाय तळ सपाट झाल्याने गाळ काढणे आणि तपासणीसाठी आत जाणे सोपे होते. ग्रॅनाइटमध्ये हा पर्याय पुरेसा ठरू शकेल. तांबडा थर ओलांडताना मात्र त्या लांबीत पूर्ण अस्तराला पर्याय नाही.

मानकाच्या चौकटीबाहेर राहिलेले पाणी

जलीय संकल्पन म्हणजे केवळ बोगद्याच्या आतील पाण्याचा हिशेब, अशी समजूत मानकाच्या भागवार रचनेमुळे दृढ होते. अस्तराविना ठेवलेला बोगदा मात्र भोवतालच्या भूजलाशीही व्यवहार करीत असतो. आतील दाब बाहेरील भूजलाच्या दाबापेक्षा अधिक असेल तर पाणी सांध्यांतून बाहेर जाते. कमी असेल तर बोगदा हा भूमिगत चर बनतो आणि वरच्या विहिरींचे पाणी ओढून घेतो. बेसॉल्टमधील विहिरी ज्या सांध्यांवर व थरांच्या संधींवर जगतात, त्यांतूनच हा व्यवहार होतो. मराठवाड्याच्या गावांत पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार विहिरी व विंधनविहिरी हाच असताना, दूरच्या शेतीसाठी नेलेल्या बोगद्याने वाटेवरील गावाची विहीर आटविणे न्याय्य ठरणार नाही. म्हणून बोगद्याच्या मार्गावरील विहिरींच्या पातळीची खोदाईपूर्व, खोदाईच्या वेळची व नंतरची नोंद हा जलीय संकल्पनाचाच भाग मानला पाहिजे.

दुसरी बाब देखभालीची. सतराव्या शतकात मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे भूमिगत नहर बांधली, तिच्या मार्गावर ठिकठिकाणी मुखे व मनोरे ठेवलेले होते. आत उतरून पाहता येईल अशी ही रचना होती. आधुनिक बोगद्यातही खोदाईसाठी घेतलेले उभे कूपक काम संपल्यावर बुजवून टाकण्याऐवजी तपासणीसाठी राखता येतील. गुणांक कालांतराने बदलतो हे मान्य केल्यास तो पुन्हा मोजण्याची सोयही संकल्पनातच असली पाहिजे.

निष्कर्ष आणि सूचना

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, मानक ४८८० चा तिसरा भाग टाकाऊ नाही. त्याचा वापर अर्धवट होतो. कोष्टकातील अंक सोयीचा म्हणून उचलला जातो आणि त्याच मानकातील मोजणीची पद्धत बाजूला राहते. बेसॉल्टमध्ये काम करण्याचे कौशल्य महाराष्ट्रातील अभियंत्यांकडे नाही असे कोणी म्हणणार नाही. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी जलाशयाच्या तळाशी यशस्वी छेद घेऊन त्यांनी ते सिद्ध केले आहे. उणीव आहे ती केलेल्या कामातून अंक शिकण्याची.

या दृष्टीने तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, खोदाईचे देयक अदा करताना ठरावीक अंतरावर छेदांची मोजणी होतच असते आणि ती मोजमाप पुस्तकात नोंदविली जाते. ठेकेदाराला किती द्यावयाचे हे ठरविण्यासाठी घेतलेली हीच मोजमापे पाण्याला किती सोसावे लागेल हेही सांगतात. त्यांवरून विचलनाची टक्केवारी काढून ती प्रकल्प अहवालासोबत प्रसिद्ध करावी. त्यासाठी नवा खर्च जवळजवळ लागत नाही. दुसरी, बोगदा सुरू झाल्यावर ज्ञात प्रवाहाला दोन टोकांतील दाबउंची मोजून प्रत्यक्ष गुणांक काढावा आणि तो खडकाच्या प्रकारासह नोंदवावा. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र यांच्याकडे यासाठी लागणारे ज्ञान आहे. तिसरी सूचना आपल्या महाविद्यालयांसाठी आहे. नांदेड व लातूर येथील अभियांत्रिकी आणि भूशास्त्र विभागांनी अशा मोजमापांचे विश्लेषण पदव्युत्तर प्रकल्पांचा विषय करावा. अर्थशास्त्र विभागांनी त्यातून निघणारा विजेचा व तुटीचा भार कोणावर पडतो याचा अभ्यास करावा.

बेसॉल्टच्या प्रत्येक प्रकारासाठी आणि ग्रॅनाइटसाठी वेगळ्या ओळी असलेले, येथील मोजमापांवर उभे राहिलेले कोष्टक हे या प्रयत्नाचे फलित असू शकेल. तसे कोष्टक तयार होईपर्यंत संकल्पकाने निदान एवढे करावे : आपण निवडलेल्या गुणांकाच्या जोडीने पट्ट्याच्या वरच्या टोकाचाही हिशेब मांडावा, आणि तो अंक खरा ठरल्यास किती वीज जादा लागेल किंवा टेलच्या किती क्षेत्राला पाणी पोहोचणार नाही, हे प्रकल्प मंजूर करणाऱ्यांपुढे स्पष्ट शब्दांत ठेवावे.